लेन्सचे दोष ओळखायचे कसे, सुधारायचे कसे: नवशिक्या छायाचित्रकारांसाठी

जुन्या नाशकात, तिळभांडेश्वराच्या बाजूच्या एका बोळात आमचा वाडा होता. तो पाडायच्या आधी आठ दिवस मी त्याचे जवळपास चारशे फोटो काढले. हातात १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम) होती. बोळ जेमतेम सात-आठ फुटांचा, मागे सरकायला जागाच नव्हती, म्हणून बहुतेक फोटो १८ मिलिमीटरवर, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात रुंद (वाइड) टोकाला निघाले. घरी कॉम्प्युटरवर पाहिलं तेव्हा दिंडी दरवाज्याची सागवानी चौकट बाहेर फुगलेली दिसली. ओसरीचे कडेचे खांब बाकदार झाले होते आणि चौकातून वर आकाशाकडे घेतलेल्या फोटोत सज्जाच्या कठड्याला जांभळी किनार आली होती.

सापडेल तो स्लायडर ओढून मी ते 'सुधारले' आणि आणखी बिघडवले. बहुतेक फोटोंच्या मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्याने काहीही न बदललेली कच्ची नोंद) जपून ठेवल्या होत्या, एवढंच बरं झालं. पुढे दोन वर्षं एकेक दोष समजून घेत ते सगळे फोटो पुन्हा केले. वाडा आता नाही, पण त्याचा खांब फोटोत सरळ उभा आहे. ज्यांना घरातलं, गावातलं जुनं काही टिपून ठेवायचं आहे, त्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा: दोष कोणता ते ओळखल्याशिवाय कुठल्याही स्लायडरला हात लावायचा नाही. काही दोष सॉफ्टवेअर पूर्ण काढतं, काही अर्धवट काढतं, काहींना ते हातच लावू शकत नाही. आणि आपण लेन्सच्या नावावर टाकतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी लेन्सच्या नसतातच.

काय काय लागेल

- रॉ फाइल देणारा कॅमेरा आणि तुमची नेहमीची लेन्स
- ट्रायपॉड (साधा चालेल, पण डुगडुगता नको)
- पाच-सहा जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी आणि हाताएवढा सपाट आरसा
- छोटी टॉर्च, हवेचा ब्लोअर, मायक्रोफायबरचं कापड
- सॉफ्टवेअर: लाइटरूम असेल तर उत्तम, नसेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट आहेत
- एक वही. कोणती लेन्स कुठे कशी वागते, हे सहा महिन्यांनी आठवत नाही

१. आधी रॉ चालू करा

आजचे बरेचसे कॅमेरे जेपेग तयार करताना लेन्सचे दोष आतल्या आत दुरुस्त करून देतात. मोबाइल तर करतोच. त्यामुळे जेपेग पाहून 'माझ्या लेन्सला डिस्टॉर्शन (सरळ रेघा वाकणं) नाही' असं म्हणण्यात अर्थ नाही. खरी लेन्स रॉमध्ये दिसते. तीही नेहमी नाही, कारण बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलीतच दुरुस्तीचे आकडे असतात आणि काही सॉफ्टवेअर ते न विचारता लावून मोकळी होतात.

इथला सापळा दुहेरी दुरुस्तीचा. कॅमेऱ्याने आधीच सरळ केलेल्या जेपेगवर तुम्ही पुन्हा लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सच्या दोषांची मोजमापं, ज्यांवरून सॉफ्टवेअर दुरुस्ती करतं) लावलं, तर बाहेर फुगलेली रेघ आता आत खचते. वाड्याचे काही फोटो माझ्याकडे फक्त जेपेगमध्ये होते आणि त्यांच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं होतं. जेपेगवर प्रोफाइल लावू नका.

२. लेन्सचा नसलेला दोष बाजूला काढा

झुकलेली रेघ वेगळी आणि वाकलेली रेघ वेगळी. हा फरक डोळ्यांत बसला की निम्मं काम झालं.

होळकर पुलाजवळ उभं राहून सुंदरनारायण मंदिराचं शिखर फोटोत घ्यायला कॅमेरा वर उचलला, की देवळाच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. पण स्क्रीनवर कागदाची कड लावून बघा: प्रत्येक कड सरळच आहे. हा लेन्सचा दोष नाही, कॅमेरा तिरका धरल्याचा परिणाम आहे. जगातली सगळ्यात महाग लेन्स लावली तरी तो येणारच. लेन्सचं डिस्टॉर्शन असेल, तर कागदाच्या कडेपासून रेघ मधोमध सुटलेली दिसते.

दुसरी गोष्ट ग्रुप फोटोची. लग्नात वाइड लेन्सने मोठा घोळका टिपला की कडेचे काका-मामा आडवे ताणलेले दिसतात. सपाट प्रतलावर रुंद दृश्य बसवलं की कडा ताणल्या जाणारच, ते भूमितीचं काम आहे. गंमत अशी, की इथे डिस्टॉर्शनची दुरुस्ती केली तर कडेची माणसं आणखी ताणली जातात. माणसांच्या फोटोत मी ही दुरुस्ती अर्धी ठेवतो किंवा बंद करतो. भिंत थोडी वाकली तर चालते, मावशींचा चेहरा ताणलेला चालत नाही.

तिसरी बाब, हात हलणं आणि फोकस चुकणं. सगळा फोटो एकाच दिशेने फराटल्यासारखा दिसत असेल तर हात हललाय. विषय धूसर आणि मागची भिंत धारदार असेल तर फोकस चुकलाय. यातलं काहीच लेन्सच्या खात्यावर टाकू नका.

३. एका सकाळी लेन्सची परीक्षा घ्या

सोसायटीच्या पार्किंगमधली टाइल्सची किंवा विटांची भिंत शोधा. वर्तमानपत्राची पानं भिंतीवर चिकटवा: एक मधे, चार चार कोपऱ्यांत, फ्रेमच्या कडेला येतील अशी. कॅमेरा दोन-तीन मीटरवर ट्रायपॉडवर ठेवा.

कॅमेरा भिंतीला समांतर असायलाच हवा, नाहीतर सगळी परीक्षा वाया जाते. त्यासाठी आरसा. मधल्या पानावर आरसा भिंतीला अगदी चिकटवून धरायला कुणाला तरी सांगा आणि कॅमेऱ्यातून पाहा. तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधे आलं, की कॅमेरा समांतर झाला.

आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. लाइव्ह व्ह्यू मोठा करून मधल्या पानावर फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका. १८, २४, ३५ आणि ५५ मिलिमीटर अशा प्रत्येक ठिकाणी फोकस नव्याने करून सगळ्यात उघडं अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, आकडा जितका मोठा तितकं ते बारीक), मग ५.६, ८, ११, १६ आणि २२ घ्या. पंचवीसेक फोटो होतील. शेवटी दोन जास्तीचे: एक कोपऱ्यातल्या पानावर फोकस करून, आणि एक कॅमेरा पूर्ण उलटा करून. उलटा ठेवताना फोटो आपोआप फिरवण्याची सेटिंग बंद करा.

आता फोटो शंभर टक्के मोठे करून वाचा. अक्षरशः वाचा, बातम्यांची अक्षरं हीच तुमची मोजपट्टी आहे.

चारही कोपरे उघड्या अपर्चरला मऊ आणि आठ-अकराला धारदार होत असतील, तर लेन्स ठीक आहे, तिचा स्वभावच तसा आहे. कोपऱ्यावर फोकस केल्यावर तोच कोपरा उघड्या अपर्चरलाही धारदार झाला आणि मधलं पान मऊ पडलं, तर प्रतल वक्र आहे: लेन्सला सपाट भिंतीऐवजी वाटीसारखा पृष्ठभाग धारदार दिसतो. अशी लेन्स शिलालेख किंवा चित्र टिपायला वापरताना अपर्चर आठ-अकरापर्यंत बंद करावं.

एकच बाजू मऊ असेल तर उलट्या कॅमेऱ्याचा फोटो बघा. मऊपणा फ्रेमच्या त्याच बाजूला राहिला तर लेन्समधलं एखादं भिंग सरकलेलं असण्याची दाट शक्यता आहे, याला डीसेंटरिंग म्हणतात. मऊपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर कॅमेराच तिरका लागला होता, आरसा परत धरा.

आणि बावीसवर सगळंच मऊ दिसेल. तो बिघाड नाही. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. हिरव्या प्रकाशाचा ठिपका एफ ८ ला सुमारे ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो आणि एफ २२ ला जवळपास ३० मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सलच्या एपीएस-सी सेन्सरवर (किट लेन्सच्या साध्या कॅमेऱ्यांत असतो तो लहान आकार) एक पिक्सल ३.९ मायक्रॉनचा असतो. म्हणजे 'सगळं धारदार हवं' म्हणून बावीसवर गेलात, की ठिपका सात-आठ पिक्सलवर सांडतो. पांडवलेण्यांचे माझे पहिले फोटो याच हट्टामुळे मऊ आले. (लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. ट्रायपॉड नेणार असाल तर परवानगीचं आधी विचारून घ्या.)

४. डिस्टॉर्शन: वाकलेल्या रेघा

वाडे, मंदिरं, घाटाच्या पायऱ्या टिपणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारा दोष हाच. झूम लेन्स साधारणपणे वाइड टोकाला रेघा बाहेर फुगवते, तो बॅरल प्रकार. टेली टोकाला आत खचवते, तो पिनकुशन. मधे कुठेतरी ती जवळजवळ निर्दोष असते. माझी लेन्स २४ च्या पुढे बरीच सरळ होते. हे वहीत लिहून ठेवल्यापासून मी १८ वर तेव्हाच जातो जेव्हा दुसरा मार्ग नसतो. अरुंद बोळात २४ वर कॅमेरा उभा धरून दोन-तीन फोटो जोडणं बऱ्याचदा जास्त चांगलं पडतं.

अपर्चर बदलून डिस्टॉर्शन बदलत नाही. झूम बदलला की बदलतं, आणि थोडं फोकसच्या अंतरानेही. म्हणून जवळून टिपलेल्या कोरीवकामावर प्रोफाइल लावूनही रेघ किंचित वाकडी राहिली, तर हाताने थोडं भर घालायला हरकत नाही.

किती आहे ते मोजायचं असेल तर सोपी रीत आहे. फ्रेमच्या लांब कडेला लागून टाइल्सची एक सरळ ओळ येऊ द्या. फोटोत ती ओळ मधोमध टोकांपेक्षा किती पिक्सल सरकली ते मोजा आणि फोटोच्या उंचीने भागा. ४,००० पिक्सल उंचीच्या फोटोत ६० पिक्सल सरकली, तर दीड टक्का. निसर्गचित्रात दीड टक्का कुणाच्या लक्षात येत नाही, वाड्याच्या चौकटीत लगेच येतो.

दुरुस्ती अशी: लाइटरूममध्ये लेन्स प्रोफाइलची खूण करा, डार्कटेबलमध्ये लेन्स करेक्शन मॉड्यूल चालू करा. डार्कटेबल आणि रॉथेरपी यांच्यामागे लेन्सफन नावाचा लेन्सच्या मोजमापांचा मुक्त संग्रह आहे. लेन्सचं नाव आपोआप आलं तरी ते नीट वाचा. एकाच कंपनीच्या १८-५५ च्या तीन-चार आवृत्त्या असतात आणि चुकीची निवडली गेली तर दुरुस्ती चुकते. जुनी मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॅप्टरवर लावली असेल तर कॅमेऱ्याला तिचं नावच कळत नाही, यादीतून हाताने निवडावी लागते. यादीतही नसेल तर ह्युगिन या फुकट सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या लेन्स मोजण्याच्या साधनाला सरळ रेघांचे फोटो द्या, ते आकडे काढून देतं.

काही लेन्समध्ये रेघ मधे फुगते आणि टोकांना परत उलटी वळते, मिशीसारखी. तिथे एका स्लायडरने काही होत नाही, प्रोफाइलच लागतं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. मी वाकलेले खांब पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे झुकलेल्या रेघा उभ्या करणाऱ्या, स्लायडरने सरळ करायला गेलो. ती दुरुस्ती फोटोचं प्रतल तिरकं करते, त्यात सरळ रेघ सरळच राहते आणि वाकलेली वाकलेलीच. खांब झुकायचा थांबला, पण बाक तसाच राहिला, उलट एका बाजूला जास्त दिसू लागला. आधी लेन्सची दुरुस्ती, त्यानंतरच पर्स्पेक्टिव्ह.

आणि फोटो काढतानाच चौकटीभोवती मोकळी जागा सोडा. दोन्ही दुरुस्त्यांत कडा कापल्या जातात. दिंडी दरवाज्याच्या एका फोटोत उंबरठा फ्रेमच्या अगदी कडेला होता. चौकट सरळ केली आणि उंबरठा गेला. तो फोटो मी आजही वाकडाच ठेवला आहे.

५. रंगीत किनारी

काच निळा प्रकाश जास्त वळवते आणि लाल कमी, म्हणून सगळे रंग एकाच जागी एकत्र येत नाहीत. हे क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन. बोळातल्या विजेच्या तारा पांढऱ्या आकाशासमोर आल्या की ते हमखास दिसतं.

त्याचे दोन प्रकार आहेत आणि उपाय वेगळे आहेत. पहिला फक्त कडेला दिसतो, मधे अजिबात नाही. तारेच्या एका अंगाला लालसर आणि दुसऱ्या अंगाला निळसर-हिरवी रेघ. अपर्चर बंद करून तो जात नाही, पण सॉफ्टवेअरमधली एक खूण तो जवळजवळ पूर्ण काढते, कारण तिथे फक्त एका रंगाचं चित्र थोडं लहान-मोठं करायचं असतं. दुसरा फ्रेममध्ये कुठेही दिसतो, अगदी मधेसुद्धा: फोकसच्या पुढच्या वस्तूंना जांभळट आणि मागच्या वस्तूंना हिरवट छटा. तो एफ १.८ सारख्या मोठ्या अपर्चरला जास्त येतो. दोन-तीन स्टॉप बंद केलं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) की बराच उतरतो. सॉफ्टवेअर इथे फक्त रंग धुऊन टाकतं, दोष काढत नाही.

तो रंग धुणारा डीफ्रिंजचा स्लायडर जपून वापरा. एका शेतकरी मित्राच्या बागेतल्या काळ्या द्राक्षांच्या फोटोवर मी तो पूर्ण ओढला आणि घडांच्या कडांचा जांभळा रंग उडून मणी राखाडी झाले. जिथे किनार आहे तेवढाच भाग ब्रशने निवडून लावा. त्याहून चांगलं म्हणजे आकाश जळू न देणं. एक्स्पोजर थोडं कमी ठेवलं की जांभळी किनार मुळातच कमी येते.

६. कोपऱ्यांतला अंधार

याला व्हिनेटिंग म्हणतात. ढगाळ दिवशी लेन्सपुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा धरून फोटो घ्या, कोपरे किती काळवंडतात ते कळेल. दोन स्टॉप बंद केल्यावर बरंच कमी झालं तर लेन्सचा गुण. अजिबात कमी झालं नाही आणि कोपरे कापल्यासारखे काळे असतील, तर हूड (लेन्सपुढची सावली धरणारी कडी) वाकडा बसलाय किंवा फिल्टरवर फिल्टर चढवलाय. ते सॉफ्टवेअरने परत येत नाही.

प्रोफाइल व्हिनेटिंगही काढतं, पण फुकट नाही. कोपरा दोन स्टॉप उजळला म्हणजे प्रकाश चौपट केला. आयएसओ १६०० चा फोटो असेल तर कोपऱ्यातले दाणे ६४०० सारखे दिसतील. संध्याकाळच्या फोटोंत मी अर्धीच दुरुस्ती लावतो. गंगेवरचा (म्हणजे आमच्या गोदावरीवरचा) पॅनोरामा जोडताना मात्र पूर्ण लावा, नाहीतर आकाशात उभे पट्टे दिसतात.

७. जिथे सॉफ्टवेअर हात टेकतं

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावरचे दिवे टिपताना कोपऱ्यातली ज्योत पंख पसरलेल्या पाखरासारखी दिसली, तर तो कोमा. काढता येत नाही. अपर्चर बंद करा, महत्त्वाचे दिवे फ्रेमच्या मध्याकडे ठेवा.

रात्रीच्या फोटोत फ्रेमच्या एका बाजूला एलईडी दिवा आणि मध्यापलीकडे बरोबर समोरासमोर त्याचं फिकट हिरवट भूत दिसतं का? तो बहुतेक वेळा लेन्सचा दोष नसतो, पुढे लावलेल्या यूव्ही फिल्टरचा असतो. फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या. मी रात्री फिल्टर लावणं पूर्ण बंद केलं आहे.

सूर्योदयाला रामकुंडावर सूर्यासमोर उभं राहिलात आणि सगळा फोटो दुधाळ आला, तर आधी पुढची काच पाहा. बोटाचा एक ठसा पुरतो.

८. दुरुस्तीचा क्रम

१. लेन्स प्रोफाइल
२. रंगीत किनारी
३. पर्स्पेक्टिव्ह आणि क्षितिज
४. क्रॉप
५. उजेड आणि रंग
६. शार्पनिंग, अगदी शेवटी

डार्कटेबल आतमध्ये आपला ठरलेला क्रम पाळतं, तुम्ही कशावरही आधी क्लिक केलं तरी. पण डोळ्याने तपासण्याचा क्रम हाच ठेवा, कारण वाकलेल्या फोटोत क्षितिज सरळ आहे की नाही हे कळतच नाही. मऊ कोपऱ्यांवर शार्पनिंगचा मारा करू नका. तिथे तपशीलच नसतो, फक्त दाणे धारदार होतात.

९. पावसाळा, बुरशी आणि दुरुस्तीवाला

नाशिकचे चार ओले महिने लेन्सला वाईट. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि उशीर झाला तर काचेवरचा लेप खाते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि पाच-सहाशे रुपयांच्या आतला आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. महिन्यातून एकदा दोन्ही झाकणं काढून, अपर्चर उघडं ठेवून, मागून टॉर्च मारून आत बघा. जुनी लेन्स विकत घेतानाही पैसे देण्याआधी हेच करा.

लेन्स उघडून स्वतः भिंग साफ करायला जाऊ नका. भिंग परत बसवताना केसभर सरकलं तरी डीसेंटरिंग येतं.

दुरुस्तीला देताना तोंडी तक्रार सांगू नका. माझ्या लेन्सची डावी बाजू मऊ होती, मी तसं सांगितलं आणि 'यात काही प्रॉब्लेम नाही' म्हणून ती दोनदा परत मिळाली. तिसऱ्यांदा भिंतीचे दोन फोटो छापून नेले, एक सरळ कॅमेऱ्याचा आणि एक उलट्याचा, दोन्हींत डाव्या बाजूच्या पानाला लाल गोल केलेला. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी धरले, आतल्या कारागिराला हाक मारली आणि त्याने लेन्स तिथेच उघडायला घेतली.